पाच सेकंद नेमके कुणाचे?

पूर्ण बंद पडलेला सर्व्हर परवडतो. काय पडलंय ते दिसतं, उभं करता येतं. त्या सोमवारी आमच्याकडे आलेली तक्रार वेगळी होती. पेज मधूनच अडकतं, थोडं थांबतं आणि मग आपोआप उघडतं. पुन्हा उघडून बघावं तर लगेच उघडतं. ज्याच्यासमोर अडकलं त्याला पटवून देता येत नाही आणि ज्याच्यासमोर अडकलं नाही त्याचा विश्वास बसत नाही.

मी मीटिंगला पोचेपर्यंत प्रत्येकाने आपापलं निर्दोषत्व सिद्ध करून ठेवलं होतं. डेटाबेसवाले म्हणाले, सकाळपासून स्लो क्वेरी लॉगमध्ये एक ओळ नाही. अॅप्लिकेशनवाले म्हणाले, गेल्या आठवड्यात नवीन कोड गेलेलाच नाही. नेटवर्कमधली ये-जा गाळणाऱ्या फायरवॉलबद्दल नेटवर्कवाला सहकारी म्हणाला, "फायरवॉलचा एकही नियम बदललेला नाही. शनिवारी फक्त जुना बॉक्स काढून नवीन बसवला, नियम जसेच्या तसे उचलले." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की पुढच्या मिनिटाला सगळे ते विसरले. गंमत म्हणजे तिघंही खरंच बोलत होते.

"मॅडम, तुमच्या सर्व्हरवरच लोड असणार," असं म्हणून गाडी माझ्याकडे वळली. मी तिथेच लॅपटॉपवर मशीनवरचा ताण दाखवणारे व्हीएमस्टॅट आणि अपटाइम लावून दाखवले. सीपीयू नव्वद टक्क्यांच्या वर रिकामा, डिस्कची वाट बघणं शून्य, स्वॅप (मेमरी भरली की वापरायची डिस्कवरची जागा) शांत, लोड अॅव्हरेज एकच्याही खाली. "मग सगळं ठीकच आहे की," लीड म्हणाला. ठीक नव्हतं. लिनक्सच्या लोड अॅव्हरेजमध्ये दोनच प्रकारच्या प्रोसेस मोजल्या जातात. एक, ज्या चालू आहेत किंवा सीपीयूसाठी रांगेत आहेत. दुसऱ्या, ज्या बहुतेक वेळा डिस्कपाशी अशा अडकल्यात की त्यांना मध्येच उठवता येत नाही. नेटवर्कवरून उत्तर येण्याची वाट बघत झोपलेली प्रोसेस या हिशेबात धरलीच जात नाही. मशीन रिकामं आणि तरी वापरणारा ताटकळलेला, म्हणजे आतलं कुणीतरी बाहेरच्या कुणाची तरी वाट बघतंय. पण कोण आणि कुणाची?

इथे बहुतेक लोक सरासरी काढतात. मला सरासरीचा राग आहे. त्या दिवशीची सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आसपास होती आणि तो आकडा कुणालाच काही सांगत नव्हता, कारण अर्धा सेकंद प्रत्यक्षात कुणालाच लागत नव्हता. आमचा वेब सर्व्हर इंजिनएक्स, त्याच्या लॉगमध्ये प्रत्येक विनंतीला लागलेला वेळ आम्ही लिहून ठेवतो. तो रकाना ऑक या कमांडने बाहेर काढला, एका दशांशापर्यंत कापला, सॉर्ट आणि युनिक या कमांडमधून मोजून घेतला. समोर जे आलं ते बघून मी खुर्चीत सरळ बसले. बहुतेक विनंत्या ०.१ ते ०.३ सेकंदात. मग काहीच नाही. मग एकदम ५.१ ते ५.३ ला दुसरा ढीग. पुन्हा काहीच नाही आणि १०.२ च्या आसपास एक छोटा ढीग.

कामाचा ताण असेल तर वेळ पसरतो. कुणाला दोन सेकंद लागतात, कुणाला साडेतीन, कुणाला सात. नेमक्या पाचावर ढीग लागतो तेव्हा ते काम नसतं, कुणाचातरी टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची ठरवलेली मर्यादा, असतो. आणि टाइमआउटचा आकडा कुणीतरी, कधीतरी, एखाद्या सोर्स कोडमध्ये हाताने लिहिलेला असतो. म्हणून मी हे आकडे चेहऱ्यांसारखे लक्षात ठेवते. ४० मिलिसेकंद दिसले की जोडणी सांभाळणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलची उशिरा पोच देण्याची सवय आठवायची. आमच्यासारख्या जुन्या लिनक्सवर जोडणी होता होईना आणि शेवटी १२७ सेकंदांनी हार मानली, तर पलीकडून कुणी उत्तरच देत नाहीये. पहिल्या हाकेनंतर सहा वेळा पुन्हा हाक, प्रत्येक वेळी थांबणं दुप्पट. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, बेरीज १२७. दोन तासांनी मेलेली जोडणी लक्षात आली, तर ते जोडणी जिवंत आहे का हे तपासणारं ७२०० सेकंदांचं कीपअलाइव्ह.

आणि पाच सेकंद? नावावरून पत्ता शोधणाऱ्या रिझॉल्व्हरचा मुळातला टाइमआउट पाच सेकंदांचा आहे. नावांचे पत्ते सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस, म्हणून मी मीटिंगमध्येच म्हणाले, "हे डीएनएस दिसतंय." लगेच तिघांनी आपापल्या लॅपटॉपवर डिग हे डीएनएसला थेट प्रश्न विचारणारं साधन चालवलं. दोन मिलिसेकंद. पुन्हा दोन मिलिसेकंद. "डीएनएस तर एकदम फास्ट आहे," म्हणून विषय संपवला गेला.

डिगवर माझा आक्षेप नाही, ते उत्तम हत्यार आहे. पण डिग म्हणजे अॅप्लिकेशन नव्हे. ते स्वतःचं पॅकेट स्वतः बनवतं, एकच प्रश्न विचारतं आणि उत्तर छापतं. अॅप्लिकेशन मात्र सी लायब्ररीच्या गेटअॅड्रइन्फो या फंक्शनकडे जातं आणि तिथली वाट वेगळी आहे. डिग ज्या रस्त्याने जातंच नाही त्या रस्त्यावर खड्डा असेल, तर ते कसं सांगणार?

जागेवर परत आल्यावर आधी वाट पाहणारा कोण ते पकडायचं ठरवलं. आमच्या पेजच्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमचा, रेंगाळलेल्या विनंत्या नोंदवणारा स्लोलॉग चालू केला, तीन सेकंदांची मर्यादा घातली. याची खुबी अशी की मर्यादा ओलांडली की तो त्या क्षणी स्क्रिप्ट कुठल्या ओळीवर आहे ते लिहून ठेवतो. पाचच मिनिटांत नोंदी आल्या आणि प्रत्येक नोंदीच्या वरच्या टोकाला कर्ल-एक्झेक, म्हणजे दुसऱ्या सर्व्हिसला विनंती पाठवणारं फंक्शन. आमचं पेज किमतींसाठी एका अंतर्गत सर्व्हिसला विचारतं, ती हाक. काही पेजेस तिला दोनदा विचारतात. दहा सेकंदांचा छोटा ढीग तिथेच सुटला.

त्या सर्व्हिसच्या टीमला फोन केला तर अपेक्षित उत्तर आलं. "आमच्या लॉगमध्ये तीस मिलिसेकंद दिसतात. तुमच्याकडेच बघा." तेही खरं. त्यांचं घड्याळ विनंती पोचल्यावर सुरू होतं, आमची विनंती तोवर निघालेलीच नसायची. कर्ललाच टप्प्याटप्प्याचा वेळ छापायला सांगितलं आणि एका लूपमध्ये सोडून दिलं. बऱ्याच ओळी चांगल्या गेल्या. मग एक आली, नाव शोधायला ५.०१, जोडायला त्यानंतर एक मिलिसेकंद, उत्तराला तीस. आता वाद संपला होता, शोध नव्हे.

पुढची पायरी माझी आवडती आहे आणि बरेच जण ती गाळतात. गेटएंट हे छोटंसं साधन सिस्टिमच्याच लायब्ररीतून नाव शोधतं. गेटएंट होस्ट्स असं विचारलं की प्रत्येक वेळी झटक्यात उत्तर. गेटएंट एहोस्ट्स असं विचारलं की मधूनच पाच सेकंद. एका अक्षराचा फरक, पण पहिलं जुन्या फंक्शनने एकेक प्रश्न क्रमाने विचारतं आणि दुसरं गेटअॅड्रइन्फो वापरतं. त्या फंक्शनला आयपीव्ही४ या जुन्या आणि आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा असे दोन्ही पत्ते हवे असतात. म्हणून ते ए (आयपीव्ही४ साठी) आणि क्वाड-ए (आयपीव्ही६ साठी) असे दोन प्रश्न एकाच सॉकेटवरून, म्हणजे नेटवर्ककडे जाणाऱ्या एकाच दारातून, एकामागोमाग एक सोडून देतं.

प्रोसेस सिस्टिमकडे काय मागते ते दाखवणारा एसट्रेस लावला. थ्रेड्सच्याही मागे जाणारा पर्याय विसरायचा नाही, कारण कर्ल नाव शोधायचं काम वेगळ्या थ्रेडला देतं आणि मुख्य थ्रेडकडे बघत बसलं तर काही कळत नाही. दृश्य स्वच्छ होतं. दोन पॅकेट्स एकत्र गेली. मग पोल, म्हणजे उत्तराची वाट बघणं, पाच हजार मिलिसेकंद. लगेच एक उत्तर आलं. पुन्हा पोल, उरलेला वेळ. आणि मग काहीही नाही, पोल शून्य घेऊन परतला. त्यानंतर लायब्ररीने शहाणपणाने तेच दोन प्रश्न एकेक करून विचारले आणि दोन्ही उत्तरं चटकन मिळाली.

म्हणजे ए-चं उत्तर येत होतं, क्वाड-ए-चं मध्येच गायब होत होतं. आमच्या त्या नेटवर्कात आयपीव्ही६ वापरातच नाही! ‘असा पत्ता नाही’ एवढंच ते उत्तर असणार होतं. नकार ऐकायला मिळावा म्हणून आमची साइट पाच सेकंद दारात उभी होती.

येणारी-जाणारी पॅकेट्स टिपणाऱ्या टीसीपीडम्पचा तुकडा घेऊन मी नेटवर्कवाल्या सहकाऱ्याकडे गेले. तू दोषी आहेस असं म्हणत गेलं की माणूस दार लावून घेतो, म्हणून म्हणाले, "अरे, माझ्या बाजूला दोन प्रश्न जाताना दिसतात आणि एकच उत्तर येताना. तुझ्या पलीकडच्या बाजूने बघशील का?" त्याने डीएनएस सर्व्हरच्या बाजूला पॅकेट्स पकडली. तिथे दोन प्रश्न पोचले होते आणि दोन उत्तरं निघालीही होती. तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नियम तर खरंच बदललेले नाहीत गं."

नव्हतेच बदललेले. डीएनएसचे हे प्रश्न ज्या यूडीपी प्रोटोकॉलने जातात त्याला जोडणी नसते, म्हणून फायरवॉल दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट बघून स्वतःच एक सेशन कल्पून घेते. नव्या बॉक्समध्ये डीएनएससाठी वेगळं डोकं होतं. एक उत्तर गेलं की काम झालं समजून तो सेशन ताबडतोब मिटवायचा. आमचे दोन्ही प्रश्न एकाच पोर्टवरून, म्हणून दोघांचं सेशन एकच. दोन्ही उत्तरं लगोलग आली तर दोन्ही पार होत. क्वाड-ए-चं जरा रेंगाळलं तर तोवर दार बंद. तक्रार मधूनमधून का यायची, याचं कोडं तिथे उलगडलं.

एक शंका उरली होती. एका सहकाऱ्याच्या अल्पाइन या छोट्या लिनक्सवरच्या कंटेनरमधूनही हीच हाक जायची, पण तो म्हणत होता की त्याच्याकडे पाच सेकंद कधीच दिसले नाहीत. तेव्हा पाचाचा सिद्धांत चुकीचा, असं त्याचं म्हणणं. त्याचा लॉग तसाच मोजला. ढीग २.५ सेकंदांवर होता. अल्पाइनमध्ये आमच्याकडची ग्लिबसी ही सी लायब्ररी नसते, मुसल नावाची लहान लायब्ररी असते आणि ती पाच सेकंदांचा एकूण वेळ दोन प्रयत्नांमध्ये वाटून घेते. इतका गोड पुरावा रोज मिळत नाही.

दुरुस्तीवर पुन्हा वाद. कुणीतरी सुचवलं की सगळ्या सर्व्हर्सच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नावं-पत्ते हाताने लिहायच्या यादीत, त्या सर्व्हिसचा पत्ता लिहून टाकू, पाच मिनिटांचं काम. मी ठाम नकार दिला. होस्ट्स फाइलमध्ये ‘तात्पुरती’ घातलेली ओळ सगळ्यांच्या विस्मरणात जाते आणि ज्या दिवशी सर्व्हिसचा पत्ता बदलतो त्या रात्री कुणाला तरी झोपेतून उठवते. रिझॉल्व्ह.कॉन्फ या रिझॉल्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये नेमका याच आजारावरचा पर्याय आहे, सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं की तो सॉकेट बंद करून नव्या सॉकेटवरून दुसरा प्रश्न विचारतो. ग्लिबसी २.९ पासून तो आहे आणि मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय की काही हार्डवेअर चुकून एकच उत्तर परत पाठवतं, त्यासाठी हे आहे. म्हणजे आपल्या आधी कितीतरी लोक इथेच ठेचकाळलेत.

ओळ घातली. गेटएंट सुधारलं, साइट नाही. लीड मागे उभा, "झालं का?" झालं नव्हतं, पण कारण ठाऊक होतं. आमची मशीन्स सेंटओएस ७ या लिनक्सची, तिथली ग्लिबसी २.१७. रिझॉल्व्ह.कॉन्फ बदलली हे चालू प्रोसेसला आपणहून कळण्याची सोय २.२६ मध्ये, म्हणजे २०१७ साली आली. त्याआधीची प्रोसेस सुरुवातीला वाचलेलंच धरून बसते. एफपीएम एकेका मशीनवर रिस्टार्ट केला आणि लॉगमधला पाचाचा ढीग डोळ्यांदेखत आटत गेला.

एका मशीनवर तो दोन दिवसांनी परत उगवला. नेटवर्कची सेटिंग सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरने रिझॉल्व्ह.कॉन्फ नव्याने लिहिली होती आणि माझी ओळ पुसली गेली होती. त्या फाइलच्या डोक्यावर ती कुणी तयार केली हे लिहिलेलं असतं आणि तरी आपण सगळे तिच्यात हाताने लिहीत राहतो. मग पर्याय एनएमसीएलआय या त्याच्याच कमांडमधून जोडणीच्याच सेटिंगमध्ये घातला, तिथे टिकला. फायरवॉलमधली ती घाई नेटवर्कवाल्याने एका रात्री देखभालीच्या वेळेत बंद केली. त्यानंतर मी सर्व्हर्सवरून पर्याय काढून टाकला. "राहू दे की, त्रास काय?" असं लीडचं मत होतं. पण तो राहिला असता तर फायरवॉल खरंच सुधारली की नाही हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

ढीग मोजायची ती ऑकची ओळ मी तशीच क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालेल अशी, ठेवली. पाच आणि दहा गेल्यावर रात्रीच्या लॉगमध्ये आणखी एक बारीक ढीग दिसायला लागला, ५०.१ सेकंदांवर. डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनमध्ये रो-लॉकसाठी (दुसऱ्याने अडवलेली ओळ मोकळी होण्यासाठी) थांबण्याची मुळातली मर्यादा ५० सेकंद आहे. एररलॉग उघडला तर १२०५ क्रमांकाची, म्हणजे लॉकची वाट बघून हार मानल्याची चूक रांगेने बसलेली. तो कागद घेऊन मी डेटाबेसवाल्यांकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "डिग चालवून बघितलंस का?"