कार्ड फ्रिजवर राहिलं

पहिलं लेकरू माहेरी झालं, बीड जिल्ह्यात. रीतच आहे, सातव्या महिन्यात ओटी भरली की बॅग उचलायची. सहा महिने सासरी, सेलूजवळच्या गावात झालेल्या तपासण्यांचं माता-बाल संरक्षण कार्ड फ्रिजवरच राहिलं. तिकडं खासगी दवाखान्यात दर खेपेला नवी सिस्टर, आणि तोच प्रश्न, "शेवटची पाळी कधी?" बाळ बाहेर येताना खाली कापलं होतं, हे मला टाके घालताना कळलं.

दुसऱ्या वेळी मी सासरीच राहिले, ती उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरमुळं. (त्यातला शेवटचा एम म्हणजे मिडवाइफ, सुईण. आम्हाला त्या लस टोचणाऱ्या बाईच वाटायच्या.) तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन 8.6 निघालं. लोहाच्या गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून मी त्या चक्क उकिरड्यावर टाकायचे. पहिल्या वेळी हे कुणाला बोलले नव्हते, या सिस्टरना तिसऱ्या भेटीत सांगून बसले. रागावल्या नाहीत. "रात्री जेवल्यावर घे. वरणात लिंबू पिळ. वर चहा पिऊ नको." नवव्यात 10.4 झालं.

आठव्या महिन्यात बीपी 132 बाय 86 आलं. दुसऱ्या कुणी 'ठीक आहे' म्हणून लिहून टाकलं असतं. यांनी पट्टा पुन्हा बांधला. "तुझं तर नेहमी 100 बाय 60 असतं गं!" मग नडगीवर अंगठा दाबून धरला. खड्डा पडला, तो लवकर भरेचना. लगेच लघवी तपासली. दोन दिवसांवर 9 तारीख होती, सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी. तिथं डॉक्टरांनी सांगितलं, बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यातच करायचं.

रात्री दोनला 102ची गाडी आली, तेव्हा सिस्टर ड्यूटी नसताना चढल्या. लेबर रूममध्ये काम तिथल्या सिस्टरांचंच, या नुसत्या उशाशी. पण आधीच सांगून ठेवलं, "हिला मागं न विचारता कापलं होतं, घाबरते." मला चालू दिलं, कुशीवर झोपू दिलं. दोन टाके पडले, तेही सांगून.

नर्सना 18 महिन्यांचं मिडवाइफरीचं प्रशिक्षण देण्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं 2018 मध्ये काढली. चांगलंच आहे. पण आमच्या सिस्टरची उद्या बदली झाली तर?

आई रुसलीच होती. "माय जिवंत असताना लेक सासरी बाळंत!" पाचवीला डिंकाचे लाडू घेऊन एसटीनं आली. सिस्टर तेव्हा बाळाचं वजन करत होत्या. आईनं डबा उघडला, माझ्याकडं न बघता पहिला लाडू त्यांच्या हातावर ठेवला.