बोल प्रेक्षकाला कशाला?

आज खानापूरहून बेळगावला येताना बसमध्ये भाच्यानं मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. 2023 चा 'द फ्लॅश' हा हॉलिवूडचा सुपरहिरो सिनेमा आपटला, कारण बऱ्याच लोकांना त्या पात्राबद्दल काही वाटतच नाही, असं दिग्दर्शक अँडी मुस्किएती 2025 मध्ये म्हणाले होते. मला रागच आला. 2008 चा सिनेमा यायच्या आधी आपल्या भागात आयर्न मॅन या सुपरहिरोला तरी कोण ओळखत होतं? पात्राचा लळा लावणं हे दिग्दर्शकाचंच काम की! आमच्याकडं जत्रेतलं नाटक रंगलं तर माणसं थंडीत पहाटेपर्यंत हलत नाहीत. नाही रंगलं तर घोंगडी उचलतात, आणि त्यासाठी नट गावाला बोल लावत नाहीत. भाचा म्हणाला, "मामा, फ्लॅश आवडतो की मला. ते ग्राफिक्स बघवत नव्हते."