तुम्ही विचारलंत म्हणून: निघायला एवढी तयारी कशाला?

"इतके महिने शांतपणे तयारी करता आली, म्हणजे अगदी जिवावर बेतलेलं नव्हतं ना?" हे मला समारंभात विचारतात, फोनवर विचारतात, परवा तर लिफ्टमध्ये विचारलं. विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांच्या मते खरोखर मार खाणारी बाई रात्री अनवाणी पळते. कागदपत्रं सांभाळून, मुलीची परीक्षा होऊ देऊन निघालेल्या बाईवर त्यांचा विश्वास बसत नाही.

मार किती, कशावरून, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पुन्हा उगाळत नाही.

तुम्हाला हवं तसं मी एकदा निघालेही होते. मुलीला उचललं, पर्स घेतली आणि थेट मावशीकडे. कुणाला सांगितलं नव्हतं, मावशीलाही नाही. तिनं पाणी दिलं, ग्लास हातात होता तोच बेल वाजली. दारात तो. शांत, केस विंचरलेले. "सापडली एकदाची, काळजीत होतो," असं मावशीला म्हणाला. मावशीनं सुटकेचा श्वास टाकला: बघ, किती जीव आहे तुझ्यावर. त्यानं आवाज चढवला नाही. खाली वाकून मुलीच्या बुटाची नाडी बांधली, दोनदा गाठ मारली. मी त्या गाठीकडे बघत उभी होते आणि डोक्यात एकच, याला कळलं कसं? मावशीला ओरडून सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. काय सांगणार होते? नाडी बांधतोय म्हणून?

घरी आल्यावर त्यानं कडी लावली आणि त्या रात्री पहिल्यांदा माझा गळा दाबला. आवाज फुटेना, डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळी आरशात पाहिलं तर गळ्यावर काहीच नव्हतं. घसा बसला होता, गिळताना दुखत होतं. ऑफिसात सर्दी म्हणून सांगितलं आणि मलाही वाटलं, खूण नाही म्हणजे फार काही झालं नसेल.

त्याला कसं कळलं, ते नंतर एका समुपदेशक बाईंनी शोधून दिलं. फोन त्यानंच सुरू करून दिला होता, खातं त्याचं, पासवर्ड त्याचा. मी कुठं आहे ते त्याला नकाशावर दिसत होतं. मी म्हटलं, आत्ता बंद करते. त्या म्हणाल्या, अजिबात नको. ते बंद झालं की त्याला कळेल तुम्ही निघताय.

मग त्यांनी विचारलं, गळा दाबलाय का कधी? मी म्हटलं, हो, पण खूण नव्हती. पुढचं सगळं बोलणं त्यावरच झालं. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचारिका-संशोधक. बाईच्या जिवाला धोका किती, हे जोखायला त्यांनी १९८०च्या दशकात एक प्रश्नावली केली. हा प्रश्न तिच्यात आहे. गळा दाबला गेलेल्या बाईचा पुढे त्याच माणसाकडून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. आणि खुणेचं म्हणाल, तर सॅन डिएगोतल्या पोलिसांकडच्या ३०० प्रकरणांच्या अभ्यासात (२००१) निम्म्या बायकांच्या गळ्यावर डोळ्यांना दिसेल असं काहीच नव्हतं. सगळ्यात धोक्याचा काळ घर सोडताना आणि सोडल्यानंतर लगेचचा. हे कळल्यावर तुम्ही काय केलं असतंत? मी तयारी केली.

एकेक कागद ऑफिसात नेऊन झेरॉक्स काढली, मैत्रिणीच्या खणात ठेवली. माहिती शोधायची ती तिच्या कॉम्प्युटरवर. शेजारच्या काकूंशी ठरलं होतं, मी "इस्त्री आहे का?" असा मेसेज केला की त्यांनी पोलिसांना फोन करायचा. भांडण सुरू झालं की स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये थांबायचं नाही, सरकत दाराकडे यायचं. मुलीला शिकवलं, मध्ये पडू नकोस, काकूंकडे जा. ती लहान होती. हा धडा तिला द्यावा लागला, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवसांत मी त्याच्याशी गोड बोलले. सहलीला गेले, फोटोत हसले. तेच फोटो तुम्ही मला दाखवता. तेव्हाची मी मला म्हणायची, ही लबाडी आहे, तू त्याच्यासारखीच झालीस. मी तिला सांगते, तुझं नाटक त्याला पटलं म्हणून आपण दोघी आहोत. तिला पटत नाही. कधीकधी मलाही नाही.

मुलगी आता मोठी झालीय. ती म्हणते, "तू तयारी करत होतीस तेव्हा मी रोज तिथंच होते." घाईनं निघाले असते तर काय झालं असतं, हे मी तिला समजावू शकते, दाखवू शकत नाही. ती ऐकून घेते आणि विषय बदलते.

निघाले त्या दिवशी फोन चार्जिंगला लावून घरीच ठेवला. नकाशावर मी संध्याकाळपर्यंत घरात होते. नवा पत्ता तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अजून दिलेला नाही, त्याचा राग आहे, कानावर आलंय. मावशीलाही दिलेला नाही. तो अजून अधूनमधून तिच्याकडे येतो, तब्येत विचारतो, छान बोलतो. त्यामुळे पत्ता मागू नका.