छत घरी, बंपर दुकानात

आमच्या लाल हॅचबॅकला यंदा बारा वर्षे पूर्ण झाली. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत पार्किंगवर छप्पर नसल्याने बाराही उन्हाळे तिने उघड्यावर काढले. छताचा लाल रंग हळूहळू विटकरी झाला, बोट फिरवले की त्यावर खडूसारखी भुकटी येऊ लागली आणि बोनेटवर तर क्लिअर कोटचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, पापुद्रे सुटू लागले. इंजिन मात्र अजून ठणठणीत असल्यामुळे गाडी विकण्यापेक्षा तिला विनाइल रॅप करून घ्यावे, म्हणजे रंगावर चिकटणारी प्लास्टिकची रंगीत फिल्म चढवून घ्यावी, असा विचार पुढे आला. लगोलग हे काम स्वतः करायचे की पैसे मोजून करवून घ्यायचे, हा प्रश्नही आला आणि त्याने घरातले वर्षभराचे रविवार व्यापले.

संपूर्ण गाडीसाठी मला ४५,००० रुपये सांगण्यात आले. रॅपचा रोल साधारण १.५२ मीटर रुंद असतो आणि आमच्या आकाराच्या गाडीला १५ ते १८ मीटर फिल्म लागते. नुसत्या फिल्मची किंमत काढून पाहिल्यावर उरलेली मजुरी आपण वाचवू शकतो, असे मला वाटले. माझा पुतण्या दोन-चार व्हिडिओ पाहून आधीच उत्साहात होता. त्याला गाडी लष्करी हिरव्या रंगाची हवी होती. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, हे दाखवल्यावर तो विषय मिटला. रंग कोणताही निवडला, तरी आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. त्यामुळे पूर्ण गाडीचा रंग बदलणार असाल, तर आरटीओत त्याची नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे.

पहिला प्रयत्न आम्ही गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी, केवळ छतापुरता, चकचकीत काळ्या फिल्मवर केला. सोलापुरात काळे छत घालणारा माणूस शहाणा नसावा, हे आमच्या हिचे मत मी त्या वेळी मनावर घेतले नाही. छत शाम्पूने धुतले आणि घरातल्या जाड सोलापुरी टॉवेलने निगुतीने कोरडे केले. इथेच घात झाला. अंग पुसायला या टॉवेलला तोड नाही. पण त्याचा बारीक तंतू छतावर राहतो आणि चकचकीत फिल्मखाली असा प्रत्येक तंतू पुटकुळीसारखा वर येतो. तोवर दहा वाजले होते आणि पत्रा इतका तापला होता, की फिल्म टेकवताक्षणी चिकटत होती, उचलायला गेले की च्युइंगगमसारखी ताणली जात होती. या फिल्मचा गोंद दाबाने धरतो आणि उष्णतेने अधिक आक्रमक होतो. बसवताना पत्रा साधारण २० ते २५ अंशांच्या आसपास असला, तर ती हाताच्या सांगण्यात राहते. अकरा वाजता आम्ही ती सगळी ओढून काढली आणि कचऱ्यात टाकली.

त्यानंतर मी सात रस्त्याजवळच्या एका रेडियमवाल्याकडे गेलो. नंबरप्लेट आणि रिक्षांच्या स्टिकरांपासून सुरुवात करून ते आता पूर्ण गाड्या रॅप करतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर चिकट टेप दाबली आणि झटक्यात ओढली. टेपला लाल पापुद्रे लागून आले. "याच्यावर फिल्म लावून काय उपयोग साहेब? खालचा थरच सुटतोय. आधी पेंटरकडं जावा," ते म्हणाले. मग छतावर तीच टेप लावली. ती स्वच्छ निघाली. "छत तुम्ही करा की. बंपरला मात्र हात लावू नका."

त्यांचे म्हणणे मला नंतर पूर्ण उमगले. फिल्मची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी असते. ती खालचा खड्डा, पोपडा किंवा गंज झाकत नाही, उलट उठावदार करते. शिवाय कंपनीच्या मूळ रंगानंतर पुन्हा रंगकाम केलेल्या जागी, पुढे रॅप काढताना, फिल्मसोबत रंगही निघून येण्याची भीती असते. म्हणजे रॅप घरी करावे की दुकानात, हे माझ्या कौशल्याआधी गाडीच्या रंगावर ठरत होते, आणि तेही एकेका भागागणिक वेगळे.

छत जवळजवळ सपाट असते. बंपरला मात्र खोलगट जागा, फॉग लॅम्पची भोके, दुहेरी वळणे असतात. तिथे फिल्म ताणावी लागते आणि ताणलेली फिल्म मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते. गरम रोलरांतून लाटून काढलेल्या स्वस्त कॅलेंडर्ड फिल्ममध्ये ही ओढ जास्त असते. द्रवरूपात पसरून वाळवलेल्या कास्ट फिल्ममध्ये ती कमी असते. तरीही बसवून झाल्यावर ताणलेल्या जागा आणि कडा हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) सुमारे ९० अंशांपर्यंत तापवून ती ओढ मोडावी लागते. बंपरच्या प्लास्टिकवर एवढी उष्णता देताना फिल्म जळू न देणे हा हाताचा भाग आहे, आणि तो हात माझ्याकडे नाही.

व्यावसायिक म्हटले की निर्धास्त व्हावे, असेही नाही. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मी डिकीवर पट्टे लावून घेतले होते. कारागिराने फिल्म थेट रंगावरच कटरने कापली. पट्टे काढले तेव्हा खाली केसाएवढी रेघ होती आणि त्या रेघेत गंज. म्हणून या वेळी मी आधीच विचारले: कापण्यासाठी आत दोरा असलेली नाइफलेस टेप वापरता का, दिवे आणि हँडल काढून कडा आत वळवता का, फिल्म कास्ट आहे का, आणि कडा सुटली तर पुन्हा पैसे घेणार का. शेवटच्या प्रश्नावर रेडियमवाले हसले. पण त्यांनी बिलावर सहा महिने लिहून दिले.

अखेर बोनेट पेंटरकडे गेले. पुढचा बंपर आणि दोन्ही आरसे त्या दुकानात दिले. छत मी आणि पुतण्याने जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत, पुन्हा हाती घेतले. या वेळी पांढऱ्या, सॅटिन (मंद चमकेच्या) फिल्मने, जिच्यावर चुका कमी दिसतात आणि ऊनही कमी शोषले जाते. नळाला पाणी आलेल्या दिवशी गाडी धुतली, रंगाला चिकटलेला मळ ओढून काढणारा मऊ क्ले बार फिरवला, अँटेना आणि दोन्ही पन्हळींतल्या रबरी पट्ट्या काढल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, तेही मायक्रोफायबरनेच. दोघांनी दोन टोके धरून फिल्म ताठ अंतराळी धरली आणि मधून बाहेर, प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर अर्धा चढवत, फेल्ट लावलेली स्क्वीजी, म्हणजे फिल्म दाबायची चपटी पट्टी, ओढली. गोंदातल्या बारीक वाटांतून हवा निघताना होणारी सूक्ष्म चरचर ऐकायला फार समाधानकारक वाटते. पुढे चार तास गेले.

मे महिन्यात पुढच्या काचेलगतची वीतभर कडा उचलली गेली. तिथे आम्ही हीट गन घाईने फिरवली होती. दुकानाने बसवलेला बंपर शाबूत होता. छताची कडा मी त्यांच्याकडेच नेली; त्यांनी ती गरम करून दाबली, थर्मामीटरची बंदूक रोखून आकडा मला दाखवला आणि दोनशे रुपये घेतले.