तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं सिंगल येतंय, प्रमोशनचं काय करायचं?

"दादा, आमच्या बँडचं पहिलं सिंगल शुक्रवारी येतंय, प्रमोशनसाठी काय करू?" हा मेसेज (सिंगल म्हणजे सुटं काढलेलं एकच गाणं) मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो आणि का कोण जाणे, बहुतेक वेळा बुधवारी येतो. मी काही मार्केटिंगवाला नाही हो. एका रॉक बँडमध्ये बेस वाजवतो, आणि बेसवाला रिकामाच असतो अशी बाकीच्यांची समजूत असल्यामुळे मेल लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते आजतागायत. तर एकदाच सगळं लिहून टाकतो, यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवीन.

बुधवारी विचारताय ना, मग रिलीज पुढे ढकला. हो, माहितीये, पोस्टर झालंय, तारीख सगळ्यांना सांगून झालीये, ड्रमरने काउंटडाउन पण सुरू केलाय. तरी ढकला. त्या तारखेची वाट तुम्ही चौघं आणि फार तर तुमच्या घरचे, एवढेच बघताय, बाकी कुणाला फरक पडत नाही.

कारण सांगतो. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या एडिटरांकडे गाणं पाठवायची सोय आहे, फुकट आहे, कुणाची ओळख लागत नाही, पण गाणं रिलीज व्हायच्या आधीच पाठवावं लागतं. एकदा बाहेर आलं की ते दार बंद. आणि किमान 7 दिवस आधी पाठवलंत तर एडिटरने ढुंकून नाही बघितलं तरी जे तुम्हाला फॉलो करतात त्यांच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे दर आठवड्याला मिळणाऱ्या नवीन गाण्यांच्या यादीत, ते गाणं जातं. आता हे 7 दिवस मोजायचे कुठून, तर डिस्ट्रिब्यूटरने (आपलं गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर चढवून देणारी कंपनी) गाणं तिथे पोचवल्यावर. मधे त्याचं तपासणं असतं, कव्हरच्या साइजवरून परत येणं असतं (3000 बाय 3000 पिक्सेलचं चौकोनी कव्हर द्या आणि मोकळे व्हा, आम्ही फोनवरचा स्क्रीनशॉट चढवला होता), आणि गीतकार म्हणून नाव कुणाकुणाचं टाकायचं यावरून बँडमधलं भांडण असतं, त्याला वेगळे दोन दिवस धरा. म्हणून गाणं हातात आल्यापासून रिलीजपर्यंत चार आठवडे ठेवा. शुक्रवारच कशाला, असंही विचारतात. 2015 च्या जुलैपासून जगभर नवीन संगीत शुक्रवारी काढायची पद्धत पडलीये, प्लेलिस्टही त्याच दिवशी बदलतात, म्हणून. पण त्याच शुक्रवारी मोठमोठे लोकही येतात, तेव्हा मंगळवारी काढलंत तरी काही आभाळ कोसळत नाही.

एडिटरांकडे गाणं पाठवताना जी ओळख लिहायची, त्या पिचमध्ये गाण्याबद्दल लिहायला 500 अक्षरं मिळतात. आमचा पहिला मसुदा असा होता: "आम्ही चार मित्र, संगीताचं वेड, हे गाणं आमच्या काळजातून आलंय." असं तर सगळेच लिहितात. मग गिटारवाल्याने ते खोडून लिहिलं की गाणं रात्रपाळीवरून परत येणाऱ्या माणसाबद्दल आहे, पहिल्या कडव्यात फक्त बेस आणि आवाज आहे, ड्रम्स कोरसला येतात, आणि अमुक महिन्यात आमचे तीन शो आहेत. रुक्ष वाटतं वाचायला. पण वाचणाऱ्याला गाणं कुठे बसवायचं ते कळतं.

आता गाण्यावर येतो, कारण प्रमोशन म्हणून जे विचारलं जातं त्यातलं अर्धं दुखणं गाण्यातच असतं. आमच्या सिंगलचा इंट्रो 48 सेकंदांचा होता. गिटारचा फीडबॅक, मग हळूहळू सिंबल, मग मी, लाइव्हला अंगावर काटा यायचा. आणि स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम धरतात. म्हणजे नवा माणूस गाणारा तोंड उघडायच्या आत निघून जाणार आणि तो मोजलाही जाणार नाही. यावर आमच्यात जवळजवळ फूट पडली, "कलेशी तडजोड" वगैरे सगळं बोलून झालं. शेवटी मी म्हटलं की बाबांनो, जुन्या 78 आरपीएमच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम 3 मिनिटं मावायची, तेव्हापासून लोक गाणी कापतच आलेत, आपण कोण लागून गेलो! सिंगलला इंट्रो 9 सेकंदांचा केला, लाइव्हला अजून 48 चाच वाजवतो, कधीकधी जास्तच.

"गाणं चांगलं असेल तर ते आपोआप पोचतं", हे वाक्य मात्र डोक्यातून काढा. रेडिओहेड या ब्रिटिश बँडचं पहिलं सिंगल 'क्रीप' सप्टेंबर 1992 मध्ये आलं तेव्हा चाललं नव्हतं, बीबीसी रेडिओ वनला ते फार उदास वाटलं होतं. मग ते इस्रायलमध्ये रेडिओवर वाजायला लागलं, तिथे हिट झालं, पुढे अमेरिकेत वाजलं, आणि 1993 मध्ये ब्रिटनमध्ये परत काढलं तेव्हा सातव्या नंबरापर्यंत गेलं. गाणं तेच होतं. कुणीतरी एकाने ते उचलून आपल्या ऐकणाऱ्यांना ऐकवलं म्हणून गाडी हलली. तो एक माणूस शोधायचा, बस, प्रमोशन म्हणजे हेच.

आणि तो फॉरवर्ड करून सापडत नाही. मी पहिल्या वेळी साठेक लोकांना एकच मेसेज चिकटवला होता, "आमचं नवीन सिंगल नक्की ऐका, शेअर करा", आणि एका रेडिओवाल्या बाईंना तो दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने गेला. त्यांनी फक्त "मी ती नव्हे" एवढंच उत्तर दिलं. बरोबरच आहे! दुसऱ्या वेळी मी बाराच लोक निवडले, प्रत्येकाने अलीकडे काय वाजवलंय, कशावर लिहिलंय ते आधी बघितलं, चार ओळी लिहिल्या, गाण्याची लिंक दिली (अटॅचमेंट नाही, एवढी मोठी फाइल कुणी उघडत नाही), एक नीट फोटो आणि बँडची माहिती एका पानात, झालं. बारातल्या तिघांनी उत्तर दिलं, एकाने वाजवलं. साठातून शून्य आले होते.

रील्सचं काय, हे तर विचारणारच तुम्ही. करा. पण "आउट नाउ" लिहिलेलं पोस्टर पंधरा वेळा टाकू नका. आमचं सगळ्यात जास्त बघितलं गेलेलं रील म्हणजे ड्रमरची काडी मोडून त्याच्याच कपाळावर बसली आणि तरी तो थांबला नाही, ते. मागे गाण्याचा कोरस चालू होता. ठरवून केलं नव्हतं, फोन रिहर्सलला स्टँडवर लावलेला असायचा एवढंच. तेवढं तुम्हीही करा, फोन लावून ठेवा.

पैसे देऊन स्ट्रीम विकत घ्यायचे का? नाही, नाही आणि नाही. आमच्या ओळखीतल्या एका बँडने घेतले. आठवड्यात आकडा फुगला, सगळे खूश, पार्टीबिर्टी झाली. मग डॅशबोर्ड उघडला तर ऐकणारे जवळपास सगळे एकाच परक्या शहरातले, सेव्ह एकानेही नाही केलं, आणि महिन्याभरात डिस्ट्रिब्यूटरने गाणंच उतरवलं. 2024 पासून उघड खोटे स्ट्रीम सापडले की स्पॉटिफाय त्याचा दंड डिस्ट्रिब्यूटरला लावतं, तो कशाला तुमच्यासाठी भरत बसेल. शिवाय असे खोटे स्ट्रीम करणारे बॉट, म्हणजे आपोआप गाणी वाजवणारे प्रोग्रॅम, ज्या गाण्यांबरोबर तुमचं गाणं वाजवतात, त्यावरून अल्गोरिदम ठरवतो की तुमचे ऐकणारे कोण, मग रॉक बँडचं गाणं झोपेच्या संगीताशेजारी जाऊन बसतं. त्याच वर्षापासून एका गाण्याला 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाल्याशिवाय रॉयल्टीही धरत नाहीत, त्या आकड्यामुळे लोक घाबरून असले उद्योग करतात. घाबरू नका, 1000 म्हणजे शंभर माणसांनी दहादहा वेळा ऐकणं. असे शंभर शोला मिळतात.

म्हणून रिलीजनंतरच्या दोन महिन्यांत जमतील तेवढे शो घ्या आणि सिंगल शेवटी नका वाजवू, तोवर अर्धे लोक निघालेले असतात. आम्ही तिसरं वाजवतो. वाजवायच्या आधी नाव सांगतो, वाजवून झाल्यावर परत सांगतो, स्टेजवर क्यूआर कोड लावतो (अॅम्पवर चिकटवा, बॅनरवरचा अंधारात दिसत नाही).

रिलीजनंतरच्या चौथ्या शोला पुढे तीन मुली उभ्या होत्या आणि दुसरं कडवं आमच्या गायकाबरोबर म्हणत होत्या, ठार चुकीच्या शब्दांनी. "दिवे विझले" असं आहे तिथे "जिवे निजले". आम्ही लिरिक्स कुठेच टाकले नव्हते, म्हणजे त्यांनी गाणं परत परत लावून कानाने उतरवलं होतं. गायक हसला आणि पुढची ओळच विसरला. ते लिरिक्स टाकायचं काम माझ्याकडेच आहे, अजून टाकलेले नाहीत.