एकटीने चढवता येईल अशी कयाक

मासेमारीसाठी कयाक, म्हणजे लांबट, अरुंद छोटी होडी, घ्यायचं ठरलं तेव्हा माझी अट एकच होती: ती मला एकटीला गाडीच्या टपावर चढवता आणि उतरवता आली पाहिजे. वेग, रंग, गळाच्या काठ्या खोचायची भोकं, खुर्ची किती मऊ, हे सगळं त्यानंतर. ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी जड उचलायला साफ मनाई केली आहे. मुलगी शिकायला दुसऱ्या राज्यात. माझी उंची पाच फूट दोन इंच, वय पन्नाशी ओलांडलेलं. बोटीचं दुसरं टोक धरायला कोणी नाही, हे धरूनच सगळा विचार करायचा होता.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. रॅरिटन बे तिथून जवळ. एप्रिल-मेमध्ये बंकर माशांच्या झुंडी या उपसागरात शिरतात आणि त्यांच्या मागे स्ट्राइप्ड बास येतो. उन्हाळ्यात तळाशी फ्लूक असतो, आपल्या लेपासारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला, पण आकाराने कितीतरी मोठा. माझं माहेर देवगड तालुक्यातलं, खाडीकाठचं. मासे आणि भरती-ओहोटी मला नवी नाही. नवं होतं ते होडी घरी आणणं. तिकडे होडी किनाऱ्यावरच असते. लोटायची तर हाक मारली की चार माणसं येतात, खाली लाकडं टाकतात आणि बघता बघता होडी पाण्यात. इथे किनाऱ्यावर आपलं काही ठेवता येत नाही. एका फेरीत बोट चार वेळा उचलायची: गॅरेजमधून टपावर, टपावरून खाली, दमल्यावर पुन्हा टपावर आणि घरी येऊन पुन्हा खाली. वल्हं मारण्याहून हेच काम कष्टाचं.

आमच्या ओळखीतल्या एका काकांकडे होबी आउटबॅक आहे. पायाने पेडल मारायची बोट. होबी कंपनीने हे पेडलचं तंत्र १९९७ साली बाजारात आणलं, आणि मासेमारीला ते खरोखर सोयीचं, कारण हात गळासाठी मोकळे राहतात. काकांनी मला ती मायेने दाखवली. लांबी पावणेतेरा फूट, सगळं लावून वजन १०० पौंडांच्या वर, म्हणजे ४५ किलोंहून जास्त. मी विचारलं, "काका, किती वेळा जाता?" ते म्हणाले, "अगं, बोट उत्तम आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण मुलगा आला तरच ती पाण्यात जाते." त्या दिवशी माझ्या यादीतून पेडलच्या सगळ्या बोटी गेल्या. ट्रेलर असता तर गोष्ट वेगळी होती. ट्रेलरवर बोट कमरेच्या खालीच राहते, वजनाचा प्रश्नच मिटतो. पण आमच्या टाउनहाउसच्या नियमांत दारात ट्रेलर उभा करायला परवानगी नाही.

मग मी आधी स्वतःची ताकद मोजली. इंडियन स्टोअरमधून आणलेली २० पौंडांची तांदळाची पिशवी उचलून डोक्याच्या उंचीवर धरून पाहिली. जमलं, आणि दम न लागता जमलं. ४० पौंडांची पिशवी कमरेपर्यंत आली, त्याच्या वर नाही. बोट एकदम न उचलता एका वेळी एकच टोक उचललं, तर हाताला साधारण निम्मं वजन येतं. म्हणजे माझी मर्यादा ४५ पौंड, फार तर ५०. हा आकडा कागदावर लिहून घेतला आणि मगच दुकानात गेले.

वजनाचा आकडा वाचताना एक गोष्ट नीट बघावी लागते. काही ठिकाणी नुसत्या बोटीचं वजन दिलेलं असतं, खुर्चीशिवाय. काही ठिकाणी खुर्ची, सुकाणू, सगळं धरून. मासेमारीच्या बोटींच्या खुर्च्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या असतात आणि त्यांचंच वजन चांगलं भरतं. खुर्ची निघणारी असेल तर चढवताना ती मोजायची नाही. पण बोटीत पक्की बसवलेली असेल तर तीही आपल्यालाच उचलायची. प्रत्येक बोटीला मी हाच प्रश्न विचारला: खुर्ची काढल्यावर किती?

दुसरा प्रश्न बोट कशाची बनवली आहे हा. बहुतेक मासेमारीच्या कयाक पॉलिथिलीनच्या असतात. फिरत्या साच्यात प्लास्टिकची पूड वितळवून त्या घडवतात. त्या दणकट असतात, कालवांच्या धारदार शिंपल्यांवरून ओढल्या तरी ओरखड्यापलीकडे फारसं काही होत नाही, आणि स्वस्तही पडतात. पण दहा-बारा फुटांची अशी बोट ५५ ते ७५ पौंडांत जाते. दुसरा प्रकार एबीएस प्लास्टिकचे पत्रे गरम करून साच्यावर बसवलेल्या बोटींचा. या हलक्या, ताठ, चकचकीत, आणि महाग. खडकावर आपटल्या तर तडा जाऊ शकतो, म्हणून जपून वापराव्या लागतात. रॅरिटन बेच्या कडेला बहुतेक ठिकाणी वाळू आणि चिखल आहे, खडक कमी, त्यामुळे माझं मन तिकडे झुकलं.

हवा भरायची बोट घे, गाडीच्या डिकीत मावेल, असंही दोघा-तिघांनी सुचवलं. मी तिचा मनापासून विचार केला. चांगल्या प्रतीच्या हवेच्या बोटी टणक असतात, गळ लागून लगेच फुटत नाहीत. अडचण वाऱ्याची. त्या पाण्यावर उंच तरंगतात आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की ढकलल्या जातात. शिवाय प्रत्येक वेळी धुऊन, पूर्ण वाळवून घडी घालायची, नाहीतर बुरशी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मी हीच घे म्हणेन, पण आम्हाला गॅरेज आहे. तुकडे जोडून बनणारी कयाकही पाहिली. स्वीडनची पॉइंट ६५ कंपनी अशा बोटी बनवते. एकेक तुकडा सहज उचलता येतो, टपाची गरजच नाही. कल्पना मला फार आवडली. पण मला लांब, सरळ चालणारी बोट हवी होती.

शेवटी एडीलाइन कंपनीच्या कॅरिबियन १२ पाशी थांबले. बारा फूट, एबीएसची, वजन ४५ पौंड. वर बसायची, म्हणजे पाणी आत आलं तरी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं. दुकानातल्या माणसाला म्हटलं, "पैसे नंतर देते, आधी ही माझ्या गाडीवर मला एकटीला चढवू दे. तू हात लावायचा नाहीस." तो हसला, पण बोट पार्किंगमध्ये आणून दिली. बाजूला उभा राहिला आणि खरोखर हात लावला नाही. कयाक घेणाऱ्या प्रत्येकाने दुकानातच हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं. पाण्यात चालवून बघायला सगळे सांगतात, उचलून बघायला कोणी सांगत नाही.

टपावर काय बसवायचं यावर मी बोटीइतकाच वेळ घालवला. गाडीच्या पुस्तकात टपावर १६५ पौंडांची मर्यादा दिली होती, आणि त्यात टपावरचे आडवे दांडे, रॅक, बोट सगळं आलं. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, रॅकचंच वजन तीस-चाळीस पौंड होऊ शकतं. इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे पाळणे सगळ्यात जास्त दिसतात, त्यांत बोट कुशीवर उभी राहते. उंच माणसाला ठीक. मला मात्र बोट टपाच्याही वर, त्या जेच्या टोकावरून पलीकडे न्यावी लागली असती. ठुले कंपनीचं हलाव्हेटर हे सगळ्यात सुखाचं साधन: त्याचे हात गाडीच्या बाजूने कमरेपर्यंत खाली येतात, बोट त्यात ठेवायची, आणि वर लोटताना गॅसचे दांडे ४० पौंडांचा भार स्वतः उचलतात. खांदा दुखणाऱ्यांनी दुसरं काही बघूच नये. पण ते महाग आहे.

मी घेतला तो पुढच्या दांड्यातून बाजूला बाहेर सरकणारा जादा दांडा. मागच्या काचेवरून बोट सरकवत चढवायची पद्धतही चांगली आहे, काचेवर रबरी बाथमॅट टाकली की झालं. पण माझ्या गाडीला मागे स्पॉयलर, म्हणजे टपाच्या कडेला पंखासारखी पट्टी, आहे आणि टपावर माशाच्या पराएवढा अँटेना. म्हणून बाजूने.

चढवायचं असं: गाडीच्या उजव्या अंगाला जमिनीवर फोमचा तुकडा टाकते आणि बोट गाडीला समांतर आणते. खुर्ची, काठ्या, खोकं, लाइफ जॅकेट आधीच गाडीत. बोट पालथी करते. पुढचा दांडा दोनेक फूट बाहेर ओढते. मग गुडघे वाकवून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उचलते आणि त्या दांड्यावर टेकवते. मागचं टोक अजून फोमवरच असतं, बोट तिरकी उभी. इथे मी थांबते. घाई करायचं काहीच कारण नाही, बोट स्वतःच्या वजनाने दांड्यावर बसलेली असते. दांड्याच्या टोकाला एक पट्टा गुंडाळून ठेवलेला आहे, म्हणजे वारा आला तरी नाळ घसरत नाही. मागे जाते, दोन पायऱ्यांचं स्टूल मागच्या चाकापाशी ठेवते, मागचं टोक छातीपर्यंत उचलते, स्टुलावर चढते आणि मागच्या दांड्यावर टेकवते. मग पुढे येऊन नाळ आत सरकवायची, दांडा आत ढकलायचा. पहिल्यांदा हे पार्किंगमध्ये केलं तेव्हा ह्यांना फोन करून सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "स्टूल हललं नाही ना?" म्हणून रुंद पायांचं, रबर लावलेलं स्टूलच घ्यावं. डुगडुगणारं नको.

बांधायला बकलचे साधे पट्टे, खटक्याने आवळायचे रॅचेट नाही. रॅचेटने नको इतकं आवळलं जातं आणि उन्हात तापलेल्या प्लास्टिकला खळगा पडतो. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यायचा, नाहीतर वेग वाढला की तो थरथरतो आणि सगळा रस्ताभर घुमत राहतो. पुढे-मागे एकेक दोर हवाच. गार्डन स्टेट पार्कवेवर ड्रिस्कॉल ब्रिज लागतो, रॅरिटन नदीवरचा उंच, लांबलचक पूल, आणि तिथे आडवा वारा येतो. पुढचा दोर नसला तर नाळ डाव्या-उजव्या बाजूला हलताना समोरच्या काचेतून दिसते, आणि ते बघत गाडी चालवणं बरं नव्हे. घरून निघाल्यावर पंधरा मिनिटांनी एकदा थांबून पट्टे हाताने ओढून बघते. बहुतेक वेळा एखादा बोटभर ढिला झालेला असतोच.

गाडीपासून पाण्यापर्यंतचं अंतरही यात धरायला हवं. या भागात भरती-ओहोटीत साधारण पाच फुटांचा फरक पडतो आणि किनारा इतका उथळ आहे की ओहोटीला पाणी दूर जातं. म्हणून बोट ओढून न्यायला दोन चाकांची छोटी गाडी घेतली, फुग्यासारख्या रुंद टायरांची. अरुंद चाकं वाळूत रुततात. बोटीच्या मध्यापासून जरा मागे ती बांधली की नाळेचा दोर धरून एका हाताने ओढता येते. मी भरतीच्या आधी दोन तास उतरते आणि ओहोटी लागल्यावर फार न थांबता परतते, म्हणजे दोन्ही वेळा पाणी जवळ सापडतं.

कागदोपत्री फार काही नाही. न्यू जर्सीत समुद्रात मासे धरायला दर वर्षी नाव नोंदवावं लागतं, ती नोंदणी फुकट असते. वल्ह्याच्या कयाकची नोंदणी करावी लागत नाही, पण विजेवरची छोटी मोटर जरी लावली तरी ती लागते. मोटर आणि तिची बॅटरी म्हणजे पुन्हा वजन, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. लाइफ जॅकेट मात्र मी अंगावरच घालते, सीटमागे अडकवून ठेवत नाही. एप्रिलचं पाणी अंगाला चटका देणारं थंड असतं, आणि एकटीने जायचं तर ही शिस्त सोडायची नाही.

परतताना बोट जड लागते. काही वेळा ते दमल्यामुळे, आणि काही वेळा खरंच पोटात पाणी राहिलेलं असतं. किनाऱ्यावर आले की आधी मागचं बूच काढून बोट तिरकी करते आणि शेवटचा थेंब निघेपर्यंत तशीच ठेवते. तेवढ्यात मासा असेल तर बर्फात, काठ्या गाडीत, पाणी पिऊन पाच मिनिटं बसणं. हात थरथरत असतील तर आणखी बसते. मग फोम, दांडा, नाळ, स्टूल. घरी गोड्या पाण्याने धुऊन गॅरेजच्या छताला दोन रुंद पट्ट्यांत पालथी टांगते. तिथेही तीच युक्ती, एका वेळी एकच टोक.