शाबूत राहिलेलं इन्सुलिन

तोंडाने घ्यायचं इन्सुलिन आतड्यात पचू नये म्हणून बनवलेल्या कॅप्सूलची चाचणी. साठ मिनिटांनंतरही ग्राफवर इन्सुलिनचा उंचवटा जवळपास तेवढाच. ज्युनियर खूश. "मॅडम, कॅप्सूल पास!" मी म्हटलं, नुसत्या इन्सुलिनची बाटली दाखव. ती लावलीच नव्हती. कंट्रोल वगळायचा, म्हणजे तुलनेची बाटली लावायचीच नाही, ही भोसरीतल्या आमच्या लॅबची जुनी खोड. वेळ वाचतो म्हणे.

या चाचणीला आतड्यातल्या रसाची नक्कल लागते: लिटरमागे 6.8 ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, 10 ग्रॅम पॅनक्रिएटिन (स्वादुपिंडातल्या पाचक एन्झाइमांची पूड), पीएच 6.8, तापमान 37 अंश. ठरल्या मिनिटाला नमुना काढून थेट बर्फात ठेवलेल्या आम्लात टाकायचा. उशीर झाला तर नळीतही कापाकापी चालूच राहते. साधी काचनळी नको. इन्सुलिन काचेला चिकटतं आणि आपल्याला वाटतं पचलं. जोरात हलवायचंही नाही, फेसात त्याच्या गुठळ्या होतात.

त्याच रसात नुसतं इन्सुलिन टाकलं. तेही शाबूत! म्हणजे कॅप्सूलचं कर्तृत्व शून्य, रसच मेलेला. गुरुवारी सकाळी लाइट जाते म्हणून बुधवारी संध्याकाळीच तो बनवून वॉटर बाथमध्ये ठेवला होता. ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन ही त्यातली प्रोटीन कापणारी एन्झाइमं स्वतःच प्रोटीनं. रात्रभर कोमट ठेवली की एकमेकांनाच खातात. कॅल्शियमने ट्रिप्सिन थोडं टिकतं, पण फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियमचा साका होतो.

ताज्या रसात नुसतं इन्सुलिन दहा मिनिटांत गायब. कॅप्सूलमधलं अर्धा तास कसंबसं तगलं. आत सोयाबीनमधलं ट्रिप्सिन अडवणारं प्रोटीन आहे. इन्सुलिन म्हणजे अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, ए आणि बी. बी साखळीत ट्रिप्सिन 22 आणि 29 या दोनच जागांपाशी कापतं, ते अडलं. कायमोट्रिप्सिनला मात्र 16, 26 अशा टायरोसिन या अमिनो आम्लाच्या जागा मोकळ्या, आणि कुनिट्झ प्रकारचं हे प्रोटीन त्याला जेमतेमच आवरतं. दोन्ही एन्झाइमांना धरणारं सोयाबीनमधलंच दुसरं प्रोटीन, बोमन-बर्क, घ्या, असं मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. महाग पडतं म्हणून वगळलं.

मला खटकतंय ते वेगळंच. बाटलीत एन्झाइम एकदाच पडतं. पोटात जेवण गेलं की स्वादुपिंड नवं नवं ओतत राहतं, आणि कॅप्सूलमधलं अडवणारं प्रोटीन पातळ होत पुढे वाहून जातं. मग आमचा अर्धा तास तिथे किती मिनिटांचा?

क्लायंटने मात्र पहिल्या दिवसाचाच ग्राफ मागितलाय. तो दिसायला बरा आहे म्हणे.